पाच एकर आणि दोन पिंपे

प्रश्न : आम्ही दोघे गेली एकोणीस वर्षे डेन्व्हरच्या उपनगरात राहत आहोत. मुलगी शिक्षणासाठी बाहेर पडली आहे आणि आमची निवृत्ती सात-आठ वर्षांवर आली आहे. महासाथीच्या काळात दुकानांतल्या रिकाम्या फळ्या पाहिल्यापासून वीज, पाणी आणि धान्य यांबाबत शक्य तितके स्वयंपूर्ण असे एक ठिकाण आपल्या हाताशी असावे, असे वाटू लागले आहे. कॉलोराडोच्या दक्षिण टोकाला, न्यू मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या कोस्टिया काउंटीत पाच एकरांचे भूखंड जुन्या गाडीच्या किमतीत मिळतात, अशी जाहिरात आम्ही पाहिली. वस्ती विरळ आहे, ऊन भरपूर आहे, कर किरकोळ आहे आणि केंद्र सरकारच्या आपत्तीविषयक निर्देशांकातही अशा प्रदेशांची जोखीम कमी दाखवलेली असते. आम्हा दोघांचे बालपण खेड्यात गेल्यामुळे शेती अगदीच अनोळखी नाही. असा दुर्गम प्रदेश पारखायचा कसा, आणि हा भूखंड घ्यावा का?
— एक दाम्पत्य, डेन्व्हर

उत्तर : आपण किंमत, वस्ती, ऊन, कर आणि जोखीम या सर्वांचा विचार केला आहे, पत्रात नाही तो फक्त पाणी कोठून येणार याचा विचार. खेड्यात वाढलेल्या माणसांच्या पत्रात हे राहून जावे याचे मला थोडे नवल वाटले, पण त्याचे कारणही समजते. आपल्याकडे जमीन घेतली की तिच्या पोटातले पाणी तिच्याबरोबर आले, असे आपण गृहीत धरतो. बोअरला पाणी लागणे न लागणे हा नशिबाचा किंवा पाणाड्याचा भाग; ते उपसण्याची परवानगी हा स्वतंत्र विषय सहसा मनात येत नाही. कॉलोराडोत मात्र जमीन आणि पाणी या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. ज्याने आधी पाणी वापरात आणले त्याचा हक्क आधी, हे तेथील पाणीकायद्याचे मूळ सूत्र आहे, आणि रिओ ग्रांदे नदीचे खोरे, ज्यात कोस्टिया काउंटी येते, तेथे जितके पाणी आहे त्याहून अधिक पाण्यावर हक्क नोंदवलेले आहेत. त्यात कॉलोराडो, न्यू मेक्सिको आणि टेक्सस यांच्यातील १९३८ च्या पाणीवाटप कराराने खालच्या राज्यांना सोडावयाचे पाणीही बांधून दिले आहे.

याचा आपल्या पाच एकरांशी थेट संबंध आहे. पस्तीस एकरांहून लहान भूखंडाला, मिळालाच तर, घरगुती वापरापुरताच बोअरचा परवाना मिळतो. ‘घरगुती’ याचा अर्थ घराच्या चार भिंतींच्या आत. स्वयंपाक, अंघोळ, धुणे झाले. पण त्याच पाण्याने अंगणातला टोमॅटोचा वाफा भिजवणे, कोंबड्यांना किंवा शेळ्यांना पाणी देणे परवान्यात बसत नाही. घरातून बाहेर पडणारे सांडपाणीही सेप्टिक टाकीतून त्याच खोऱ्यात परत मुरले पाहिजे, अशी अट असते. पस्तीस एकर किंवा त्याहून मोठी जमीन असेल तर एक एकरापर्यंत बाग आणि जनावरांचे पाणी यांना मुभा मिळते. म्हणजे स्वयंपूर्णतेसाठी घ्यावयाच्या भूखंडावर भाजीपाला पिकवता येईल की नाही, हे मातीपेक्षा आधी परवान्यातील एका शब्दावर ठरते. भूखंडाची आखणी १९७२ च्या जूनच्या आधी झाली की नंतर, यावरही परवान्याचे भवितव्य अवलंबून असते, कारण त्या वर्षी जमिनीचे तुकडे पाडण्याचा कायदा बदलला. म्हणून विक्रेत्याला विचारू नका. राज्याच्या जलसंपदा विभागाला त्या भूखंडाचा क्रमांक देऊन कोणत्या प्रकारचा परवाना मिळू शकेल, ते लेखी विचारा आणि उत्तर हातात पडेपर्यंत विसार देऊ नका.

पावसाचे पाणी धरू, असे आपल्या मनात येईल. तेथे २०१६ पासून घराला दोन पिंपे ठेवण्याची परवानगी आहे आणि दोन्ही मिळून ११० गॅलन, म्हणजे सुमारे ४१६ लिटर, एवढी मर्यादा आहे. शंभर चौरस मीटरच्या भाजीच्या वाफ्यांना कोरड्या उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरले तरी ५०० लिटर लागतात. दोन्ही पिंपे काठोकाठ भरलेली असली तरी ती एका दिवसाला पुरत नाहीत. नळयोजनेबाहेरच्या घरांना २००९ च्या कायद्याने छतावरचे पाणी अधिक प्रमाणात साठवण्याचा परवाना मिळू शकतो, परंतु त्याचा वापरही बोअरच्या परवान्यात जे बसते तेवढ्यापुरताच करावा लागतो. शिवाय पडते किती? खोऱ्याच्या तळाशी वर्षाला साधारण १८० ते २५० मिलिमीटर, तेही बर्फ धरून. आपला माणदेश दुष्काळी म्हणून ओळखला जातो, पण तेथेही सरासरीने याच्या दुप्पट पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छतावरचा वर्षभराचा थेंब न् थेंब धरला तरी दिवसाला पन्नास ते सत्तर लिटरांच्या वर हिशेब जात नाही.

मग लोक करतात काय? बरेच जण पाणी वाहून आणतात. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस मी एका परिचितांबरोबर अशा एका भूखंडावर चार दिवस राहिलो होतो. त्यांच्याकडे लोखंडी पिंजऱ्यात बसवलेली पांढरी प्लास्टिकची टाकी होती. तिच्यात २७५ गॅलन, म्हणजे हजार लिटरांहून थोडे अधिक पाणी मावते आणि भरल्यावर तिचे वजन टनाच्या पुढे जाते, जे साध्या पिकअप गाडीला झेपण्यासारखे नाही. म्हणून ते ती पाऊणच भरत. येता-जाता सत्तर किलोमीटरांची फेरी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या बुडाची तोटी गोठली. तिच्याभोवती जुनी रजई गुंडाळलेली होती, ती सोडवून आम्ही आळीपाळीने किटलीतले गरम पाणी ओतत होतो, आणि ते पाणी त्याच टाकीतून आदल्या रात्री भरून ठेवलेले होते. माणशी साठ लिटर धरले तर पाऊण टाकी दोघांना सहा दिवस पुरते. वाटेतला रस्ता बर्फाने आठवडाभर बंद झाला, तर सातव्या दिवशी काय, हा प्रश्न त्या घरात कोणी मोठ्याने विचारत नसे.

आता पाण्याखालोखाल सरपणाचा विचार करा, कारण कोस्टिया काउंटीचे एक वैशिष्ट्य नकाशावर पटकन लक्षात येत नाही. कॉलोराडोच्या इतर डोंगराळ काउंट्यांत राष्ट्रीय वनांची आणि सरकारी जमिनीची रेलचेल असते आणि माफक शुल्कात जळाऊ लाकडाचा परवाना मिळतो. कोस्टियात जवळजवळ सर्व जमीन खासगी आहे. १८४० च्या दशकात, हा प्रदेश मेक्सिकोत असताना, तो ‘सांग्रे दे क्रिस्तो’ नावाच्या इनामात दिला गेला. इनामदाराने न्यू मेक्सिकोतून कुटुंबे आणून वसवली आणि नदीपासून डोंगराकडे जाणाऱ्या लांबच लांब, अरुंद पट्ट्या त्यांना दिल्या. वरच्या डोंगरात गुरे चारण्याचा, जळण आणि इमारती लाकूड आणण्याचा हक्क त्या कुटुंबांना होता. १९६० मध्ये ७७,००० एकरांचा तो डोंगर एका लाकूड व्यापाऱ्याने विकत घेऊन कुंपण घातले, आणि तेव्हापासून सुरू झालेला वाद २००२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचून मूळ वसाहतकारांच्या जमिनींचे वारसदार असलेल्यांना ते हक्क परत मिळाले. हे हक्क त्या जुन्या पट्ट्यांच्या मालकीशी बांधलेले आहेत. सपाटीवर, सेजच्या झुडपांत घेतलेल्या आपल्या पाच एकरांना डोंगरातली काडीही मिळणार नाही. हिवाळ्यात तापमान उणे वीस-पंचवीस अंश सेल्सियसवर जाणे तेथे नित्याचे आहे आणि शेजारच्या अलामोसात १९४८ च्या जानेवारीत उणे ४५ अंशांची नोंद झालेली आहे, हे ध्यानात घेता लाकूड विकत घ्यायचे की गॅसवर विसंबायचे, हे आधी ठरवावे लागते. दोन्हींपैकी काहीही बाहेरूनच येणार.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की या काउंटीचे खरे चित्र दिसते. तेथे स्वयंपूर्ण जगणे अशक्य नाही, उलट ते पावणेदोनशे वर्षे चालत आलेले आहे, फक्त ते जाहिरातीतल्या भूखंडांवर नाही. सॅन लुईस हे काउंटीचे मुख्य ठिकाण १८५१ चे, राज्यातील सर्वांत जुने गाव. आणि तेथील ‘पीपल्स डिच’ या पाटाचा १० एप्रिल १८५२ चा पाणीहक्क हा राज्यात अखंड चालत आलेला सर्वांत जुना मानला जातो. अशा सामाईक पाटांना तेथे ‘असेकिया’ म्हणतात. दर वसंतात सर्व हिस्सेदार मिळून पाट उपसतात, निवडलेला ‘मायोर्दोमो’ पाण्याच्या पाळ्या ठरवतो आणि दुष्काळात तोटा वाटून घेतला जातो. धुळे जिल्ह्यातील पांझरेवरची सामाईक सिंचनाची फड पद्धत ज्यांनी पाहिली असेल, त्यांना पाटकरी, हवालदार आणि जागल्या यांची आठवण होईल. गावालगत ‘ला वेगा’ नावाचे सुमारे सहाशे एकरांचे सामाईक कुरणही आहे. गायरान म्हटले तरी चालेल. बोलिता जातीचे घेवड्यासारखे कडधान्य आणि मातीच्या भट्टीत भाजून वाळवलेला ‘चिकोस’ नावाचा मका हे तेथील वर्षभराच्या साठवणीचे पदार्थ.

त्या लोकांकडे पाणी आहे, सरपण आहे, कुरण आहे आणि पाट फुटला तर धावून येणारी शंभर माणसे आहेत. जाहिरातीतल्या भूखंडाला यांपैकी एकही गोष्ट जोडलेली नाही. हे भूखंड मुख्यतः १९७० च्या दशकात कागदावर रेषा मारून पाडले गेले आणि देशभर जाहिराती देऊन, बरेचदा जागा न पाहताच घेणाऱ्यांना विकले गेले. अनेकांवर आजही रस्ता म्हणजे बुलडोझर एकदा फिरल्याची खूण आहे, त्यावरचा बर्फ काउंटी काढत नाही. म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, पाच एकर घेऊ नका. त्याच काउंटीत राहायचे असेल तर असेकियाच्या काठी, पाण्याचा हिस्सा खरेदीखतात स्पष्ट लिहिलेली अर्धा एकराची जुनी पट्टी आणि तिच्यावरचे पडके घर मिळत असेल तर ते घ्या, मग ते चौपट महाग का असेना. अशा पट्ट्या सहसा बाजारात येत नाहीत आणि बाहेरच्या माणसाकडे तेथे संशयाने पाहिले जाते, हेही सांगितले पाहिजे. साठ वर्षे डोंगरासाठी भांडलेल्या लोकांनी संशय घ्यावा यात मला काही गैर दिसत नाही. आधी एक-दोन वर्षे भाड्याने राहून, पाट उपसायला फावडे घेऊन उभे राहिल्याशिवाय त्या गावात जागा विचारू नये.

विरळ वस्तीचा आपण गुण म्हणून उल्लेख केला आहे. सुमारे ३,१८० चौरस किलोमीटर, म्हणजे शहर आणि उपनगर मिळून मुंबईच्या पाचपटींहून मोठ्या प्रदेशात २०२० च्या जनगणनेनुसार ३,४९९ माणसे राहतात. शांतता हवी असलेल्याला हे मोहक वाटते. पण इतक्या माणसांच्या करावर किती अग्निशामक गाड्या, किती रुग्णवाहिका आणि किती पोलीस पोसले जाणार, याचा विचार केला की तीच संख्या वेगळी दिसते. निर्देशांकाचेही तसेच आहे. ‘फेमा’ या केंद्रीय यंत्रणेचा राष्ट्रीय जोखीम निर्देशांक अठरा प्रकारच्या संकटांचा विचार करतो, पण त्याच्या मुळाशी वर्षाला अपेक्षित असलेले नुकसान असते आणि ते इमारती, माणसे व शेती यांच्या डॉलरमधील मोलावर काढले जाते. जेथे घरेच थोडी, तेथे नुकसानही थोडे. आपले एकमेव घर जळण्याची शक्यता त्यातून कळत नाही. २०१८ च्या जूनअखेर फोर्ट गार्लंड गावाजवळ पेटलेल्या स्प्रिंग क्रीक वणव्याने कोस्टिया आणि शेजारच्या वेर्फानो काउंटीतील सुमारे १,०८,००० एकर क्षेत्र जाळले, शंभराहून अधिक घरे गेली आणि ला व्हीटा खिंडीतून जाणारा महामार्ग बंद ठेवावा लागला. डेन्व्हरहून आपण ज्या रस्त्याने तेथे पळून जाणार आहात, तोच हा रस्ता. तो बंद असताना दुसऱ्या वाटेने किती वेळ लागतो, हे एकदा गाडी चालवून पाहा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावे लागते, सातबारा आणि फेरफार पाहावे लागतात. तेथे यातले काही नाही, म्हणून व्यवहार सोपा वाटतो. स्वस्त भूखंड बहुधा ‘क्विटक्लेम’ खताने विकले जातात, ज्यात विक्रेता आपला जो काही हक्क असेल तो सोडतो, पण तो आहे याची हमी देत नाही. ‘वॉरंटी’ खत मागा, मालकीचा विमा उतरवा, कायदेशीर वहिवाटीचा रस्ता आहे याची काउंटीच्या कार्यालयात खात्री करा. सेप्टिक आणि बांधकाम यांचे परवाने मिळण्याआधी स्वतःच्याच जमिनीवर ट्रेलर उभा करून वाटेल तितके दिवस राहता येईल, या समजुतीतही राहू नका. २०१५ च्या सुमारास याच मुद्द्यावरून काउंटी आणि वीजजाळ्याबाहेर राहणारे रहिवासी यांच्यात मोठा तंटा झाला होता. बोअर आधीच असलेली जमीन मिळाली तर पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या, आणि त्यात आर्सेनिक व युरेनियम यांचा समावेश आहे ना ते पाहा, कारण सॅन लुईस खोऱ्यातील, म्हणजे याच प्रदेशातील, काही खासगी बोअरच्या पाण्यात आर्सेनिक आढळलेले आहे.

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी वेर्फानो काउंटीत, सुमारे २,४०० मीटर उंचीवर, सौरऊर्जेवर चालणारे एक छोटे घर घेतले. पाणी ठीक आहे. पहिल्या हिवाळ्यात मात्र वीज तीनदा गेली आणि साठवलेल्या धान्याचा हिशेब चुकला. सहा आठवडे रस्ता बंद राहिला तरी चालेल अशी तयारी करायची असेल, तर कोठून सुरुवात करावी?
— एक वाचक, प्वेब्लो

उत्तर : वीज गेली असे आपण लिहिता तेव्हा सौर पट्टे (पॅनेल) बंद पडले असावेत असे वाटत नाही, त्या भागात हिवाळ्यातही ऊन चांगले असते आणि थंडीत पट्टे उलट अधिक कार्यक्षम होतात. बॅटरी कोठे ठेवली आहे, ते पाहा. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही; चांगल्या बॅटरीतील नियंत्रक अशा वेळी चार्जिंग आपोआप थांबवतो आणि स्वच्छ उन्हातही संध्याकाळी घर अंधारात बसते. बॅटरी बाहेरच्या शेडमध्ये असेल तर ती घरात, चुलीच्या अगदी जवळ नाही पण उबदार भिंतीला आणा, किंवा तिच्या पेटीला जाड उष्णतारोधक अस्तर देऊन आत छोटा हीटर बसवा. पट्ट्यांवरचा बर्फ झाडायला शिडीवर चढावे लागत असेल तर पट्टे जमिनीवरच्या सांगाड्यावर, उभ्या कोनात बसवणे हा पहिला खर्च समजा. निसरड्या छतावरून पडून मोडलेली मांडी हे अशा ठिकाणी सर्वांत वाईट संकट.

धान्याच्या बाबतीत आपला हिशेब बहुधा इंधनाकडून चुकला असावा. २,४०० मीटरांवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा साडेसातशे मीटर वर, पाणी सुमारे ९२ अंशांनाच उकळते. उघड्या पातेल्यात राजमा किंवा हरभरा शिजत ठेवला तर तो दिवसभर नुसता रटरटतो आणि गॅसचा सिलिंडर संपतो. प्रेशर कुकर ही त्या उंचीवर चैन नव्हे, इंधन वाचवणारे यंत्र आहे. आणि त्यातही आत पोहोचणारे तापमान समुद्रसपाटीपेक्षा चार-पाच अंश कमी राहत असल्याने आईने सांगितलेल्या शिट्ट्यांमध्ये दोन-तीन वाढवाव्या लागतात. कुकरची जादा रिंग, जादा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि जादा शिट्टी यांची किंमत फार नाही, पण सहा आठवडे रस्ता बंद असताना रिंग फाटली तर कडधान्यांचे पोते असून नसल्यासारखे होईल.

साठा ठरवताना यादी छापील घेऊ नका. चार आठवडे आपण खरोखर काय खाता, ते वजन करून लिहून ठेवा आणि त्याच्या दीडपट साठवा. दोन माणसांच्या महाराष्ट्रीय घरात पीठ, तांदूळ, डाळी, तेल, गूळ-साखर, दूध पावडर, शेंगदाणे आणि मसाले यांवर बहुतेक कारभार चालतो, आणि त्यातले तेल व शेंगदाणे हेच आधी खवट होतात. गव्हाचे पीठ न साठवता गहू साठवा आणि हाताने फिरवायची चक्की घ्या. दळलेले पीठ काही महिन्यांत वास मारू लागते, गहू कोरडा ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो. बटाटे मात्र बाहेरून आणण्याचे कारण नाही. सॅन लुईस खोरे बटाट्यासाठी देशात प्रसिद्ध आहे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी होते, आणि अंधाऱ्या, न गोठणाऱ्या पण गार खोलीत ते मार्चपर्यंत आरामात राहतात. पाण्याच्या बाबतीत फेमाचा माणशी दिवसाला एक गॅलन हा आकडा फक्त पिण्यासाठी आणि तोंडधुण्यासाठी आहे. आपला बोअरचा पंप विजेवर असेल तर पंप बंद पडल्यावर पाणी कसे काढणार, ही खरी परीक्षा. हातपंप त्याच बोअरमध्ये बसवता येतो, पण पाण्याची पातळी फार खोल असेल तर नाही. पातळी किती आहे, ते बोअर मारताना राज्याकडे नोंदवलेल्या अहवालात लिहिलेले असते.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून कॉलोराडोत अशाच एका निर्जन काउंटीत राहायला जाण्याचे ठरवत आहेत. आम्ही दोघे, वय ७४ आणि ७०, दरवर्षी चार महिने त्यांच्याकडे जातो. मला मधुमेह आहे आणि पतींची अँजिओप्लास्टी झालेली आहे. मुलगा म्हणतो, हवा इतकी शुद्ध आहे की तुमची प्रकृती सुधारेल. आम्ही त्याला काय सांगावे?
— एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : हवा शुद्ध आहे, पण विरळ आहे. अडीच हजार मीटरांच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांश उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू सुमारे एक-चतुर्थांश कमी. निरोगी माणसाला पहिले काही दिवस धाप लागते, झोप तुटते आणि नंतर सवय होते. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने मात्र हृदयरोगतज्ज्ञांना उंचीचा आकडा सांगून त्यांचे मत घेतल्याशिवाय जाऊ नये, आणि जायचे ठरलेच तर डेन्व्हरमध्ये, म्हणजे सुमारे १,६०० मीटरांवर, काही दिवस मुक्काम करून मगच वर जावे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न अंतराचा आहे. कोस्टियाचे उदाहरण घेतले तर सॅन लुईसहून सर्वांत जवळचे मोठे रुग्णालय अलामोसात, साधारण ६५ किलोमीटरवर आहे. त्यापलीकडचे उपचार लागले तर ला व्हीटा खिंड ओलांडून फोर्ट गार्लंडपासून दीडशे किलोमीटरवर प्वेब्लो, किंवा साडेतीनशे किलोमीटरवर डेन्व्हर. हेलिकॉप्टर रुग्णवाहिका असते, पण वादळात आणि हिमवर्षावात ती उडत नाही, आणि भारतातून नेलेल्या प्रवासी विम्यात तिचा खर्च, तसेच आधीपासून असलेल्या आजारांचे उपचार बसतात की नाही, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत पाहावे लागते. बहुतेक वेळा आधीचे आजार वगळलेले असतात. इन्सुलिन घेत असाल तर ते गोठू देऊ नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी वापरायचे नसते, आणि थंडीत गाडीत राहिलेल्या पिशवीत हे सहज घडते.

मुलाला जायला नको म्हणू नका. त्याला एवढेच सांगा की, जागा पक्की करण्याआधी जानेवारीच्या एखाद्या रात्री, बर्फ पडत असताना, त्या जागेपासून रुग्णालयाच्या दारापर्यंत गाडी चालवून किती मिनिटे लागतात ते मोजून आम्हाला फोनवर कळव. आणि त्या रस्त्यावर फोन कोठे कोठे लागत नाही, तेही लिहून घे.